अमेरिकेतला डिसॅबिलिटी दावा कोर्टात गेला तर वकिलाची फी किती, ती कोण देतं आणि तुमच्याकडे काय परत यायला हवं

सोशल सिक्युरिटीने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्याने, डिसॅबिलिटीचा (आजारपणामुळे काम करता येत नसेल तर मिळणाऱ्या लाभाचा) अर्ज फेटाळला. फेरविचारातही नकारच आला. प्रशासकीय न्यायाधीशापुढच्या सुनावणीत हार झाली आणि अपील्स कौन्सिलने, म्हणजे सोशल सिक्युरिटीच्याच अपील मंडळाने, प्रकरण हातात घ्यायलाच नकार दिला. आता वकील म्हणतोय, फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावू या. आजारपणाने नोकरी गेलेली, बचत संपत आलेली आणि त्यात आता कोर्ट! बरीच मराठी घरं इथेच थबकतात. कोर्टाची पायरी चढायची म्हणजे तारखेगणिक पैसे मोजायचे, हे आपल्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे. मग ‘बघू, विचार करू’ म्हणता म्हणता साठ दिवसांची मुदत टळते आणि जिंकण्याजोगा दावा हातचा जातो.

म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. या दाव्यांत तारखेगणिक फी नसते. हरलात तर वकिलाला फी मिळत नाही. जिंकलात तर किती फी द्यायची यावर कायद्याची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या आतही शेवटचा शब्द न्यायाधीशाचा असतो. शिवाय बऱ्याच प्रकरणांत वकिलाच्या फीचा एक भाग सरकार स्वतःच्या तिजोरीतून देतं. असं झालं तर त्यातला ठरावीक पैसा तुमच्याकडे परत यायला हवा. तो आला की नाही हे तपासायचं असतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं. हा सगळा लेख त्यासाठी आहे.

हा लेख कोणासाठी

पगारातून सोशल सिक्युरिटी कर कापला जातो अशा प्रत्येकासाठी. त्यात एच-१बी व्हिसावर काम करणारेही आले आणि ग्रीन कार्डधारकही. या कराच्या आधारावर मिळणाऱ्या डिसॅबिलिटी लाभाला एसएसडीआय म्हणतात. त्यासाठी एकतिशीच्या पुढच्या माणसाला सर्वसाधारणपणे गेल्या दहा वर्षांत मिळून पाच वर्षांचं काम, म्हणजे २० क्रेडिट्स, लागतात. वाढत्या वयाबरोबर एकूण क्रेडिट्सची अटही वाढत जाते. भारत आणि अमेरिकेत टोटलायझेशन करार (दोन्ही देशांतली कामाची वर्षं एकत्र मोजण्याचा करार) नाही, त्यामुळे पुण्यात किंवा ठाण्यात केलेल्या नोकरीची वर्षं इथे धरली जात नाहीत. एसएसआय ही गरजूंसाठीची वेगळी योजना आहे आणि बिगर-नागरिकांसाठी तिच्या अटी फार कडक आहेत. फीचे नियम मात्र दोन्हीकडे बहुतांशी सारखेच.

नोकरीच्या ठिकाणी मिळालेल्या खासगी लाँग-टर्म डिसॅबिलिटी विम्याचा दावा ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा कायदा वेगळा, फीचे नियम वेगळे. पण त्या विम्याचा इथे एका जागी फार जवळचा संबंध येतो. तो पुढे सांगते.

पहिली पायरी: तीन फी वेगळ्या ओळखा

सगळा गोंधळ होतो तो तिन्ही फी एकाच नावाने बोलल्या जातात म्हणून. वकिलाच्या कार्यालयातून फोन आला की आधी विचारा, तुम्ही यातल्या कुठल्या फीबद्दल बोलताय?

पहिली फी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात केलेल्या कामाची: अर्ज, फेरविचार, सुनावणी, अपील्स कौन्सिल. कायद्याच्या कलमावरून तिला ४०६(ए)ची फी म्हणतात. ती मंजूर करणारं सोशल सिक्युरिटी प्रशासन, कोर्ट नव्हे. नेहमीचा मार्ग म्हणजे फी करार: थकबाकीच्या (म्हणजे मंजुरीपर्यंतच्या काळाच्या, तुम्हाला मिळायच्या साचलेल्या लाभाच्या) २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतलं जे कमी असेल ते. ही कमाल रक्कम २००९ पासून ६,००० डॉलर होती, ३० नोव्हेंबर २०२२ पासून ७,२०० झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ पासून ९,२००. निकाल लागेल तेव्हा लागू असलेला आकडा सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. करार नसेल किंवा नामंजूर झाला असेल, तर वकील कामाचा तपशील देऊन फीसाठी अर्ज करतो. त्याचा नमुना एसएसए-१५६०.

दुसरी फी फेडरल कोर्टातल्या कामाची, ४०६(बी)ची. ती फक्त कोर्ट मंजूर करू शकतं. तिची कमाल मर्यादाही थकबाकीच्या २५ टक्के, पण इथे ९,२०० सारखा डॉलरांचा आकडा नाही. थकबाकी मोठी असेल तर फीही मोठी होऊ शकते. ही फी तुमच्या पैशांतून जाते.

तिसरी ईएजेएची, म्हणजे समान न्याय कायद्याखालची फी. सरकारची भूमिका पुरेशी समर्थनीय नव्हती, तर जिंकलेल्या माणसाच्या वकिलाचा खर्च सरकारने द्यायचा, असा तो कायदा. हा पैसा देताना तुमच्या थकबाकीतून एक सेंटही कापला जात नाही.

दुसरी पायरी: सही करण्याआधी करारपत्र वाचा

सुनावणीच्या वेळी केलेला करार कोर्टालाही चालतो असं समजू नका. कोर्टासाठी बहुतेक वकील वेगळा करार करतात. सुनावणीला तुमच्या बाजूने वकील नसलेला प्रतिनिधी उभा असेल, तर फेडरल कोर्टात तो तुमचं काम चालवूच शकत नाही. तिथे वकील नवाच येणार.

कोर्टाच्या करारात माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य एकच: २५ टक्के हे ‘सगळ्या कामाचे मिळून’ आहेत की ‘फक्त कोर्टातल्या कामाचे’? २०१९ पर्यंत काही भागांतली अपील न्यायालयं दोन्ही फी मिळून २५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्बर्टसन विरुद्ध बेरीहिल या खटल्यात सांगितलं की ४०६(बी)ची २५ टक्क्यांची मर्यादा फक्त कोर्टातल्या कामाला लागते. कार्यालयातल्या कामाची फी त्यावर वेगळी असू शकते. म्हणजे कायद्याने दोन्ही मिळून २५ टक्क्यांच्या पुढे जाण्याला आता आडकाठी नाही. आडकाठी हवी असेल तर ती करारातच घालून घ्यावी लागते. ‘कार्यालय आणि कोर्ट मिळून एकूण फी थकबाकीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही’ असं एक वाक्य लिहून मागा. बरेच चांगले वकील ते विनातक्रार लिहून देतात.

आणखी काय बघायचं?

ईएजेएचा अर्ज करण्याची जबाबदारी वकिलावर आहे, असं स्पष्ट लिहिलेलं असावं. दोन्ही फी मिळाल्यास लहान रक्कम तुम्हाला परत देण्याचं वचनही असावं. ते कायद्यातच आहे, तरी कागदावर असलेलं बरं.

खर्च आणि फी वेगळे असतात. डॉक्टरांच्या नोंदींच्या प्रती, टपाल, कोर्टाचं दाखल शुल्क हे ‘खर्च’ झाले आणि ते हरल्यावरही मागितले जाऊ शकतात. त्याला वरची मर्यादा ठरवून घ्या, निदान ‘विचारल्याशिवाय इतक्या डॉलरपेक्षा जास्त नाही’ इतकं तरी.

सुनावणीचा प्रतिनिधी आणि कोर्टाचा वकील वेगळे असतील, तर आधीच्या प्रतिनिधीने आपल्या फीवरचा हक्क सोडला आहे का, हे लेखी घ्या. नाहीतर दावा जिंकल्यावर दोघांच्याही मागण्या एकाच थकबाकीवर येऊन पडतात. अशा वेळी घरातली माणसं आधीच थकलेली असतात आणि दोन कार्यालयांच्या पत्रांत पार भांबावून जातात.

काही करारांत द्विस्तरीय कलम असतं: पहिल्या सुनावणीत जिंकलात तर कमाल रकमेची मर्यादा लागू, प्रकरण अपील्स कौन्सिलपर्यंत किंवा पुढे गेलं तर ती मर्यादा उठते आणि वकील तपशीलवार अर्ज करून फी मागतो. हे बेकायदेशीर नाही, पण सही करताना माहीत असायला हवं.

आणि एक इशारा. आगाऊ ‘कोर्ट फी’ म्हणून काही हजार डॉलर कोणी मागत असेल, तर ते खुशाल नाकारा. मंजुरीशिवाय किंवा मंजुरीपेक्षा जास्त फी घेणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. हे नियम उगीच आले नाहीत. १९६५ पूर्वी वकील थकबाकीचा तिसरा ते निम्मा हिस्सा घेऊन जात होते, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, २५ टक्क्यांची रेघ आखली.

तिसरी पायरी: दावा दाखल करताना

अपील्स कौन्सिलचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवस. पत्र तारखेनंतर पाच दिवसांत मिळालं असं गृहीत धरतात. पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का कधी कामी येईल सांगता येत नाही.

फेडरल कोर्टाचं दाखल शुल्क ४०५ डॉलर आहे. परवडत नसेल तर शुल्कमाफीचा अर्ज करता येतो. त्यात उत्पन्न, बँकेतली शिल्लक, भाडं, अवलंबून असलेली माणसं असा तपशील खरा-खरा द्यायचा. हा अर्ज करायला लाजणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिळकत थांबलेल्या माणसासाठीच ती सोय आहे.

१ डिसेंबर २०२२ पासून या दाव्यांसाठी फेडरल न्यायालयांचे वेगळे, सुटसुटीत नियम लागू आहेत. तक्रार थोडक्यात लिहायची, मग सोशल सिक्युरिटीने तुमची सगळी फाइल कोर्टात द्यायची, मग दोन्हीकडचे लेखी युक्तिवाद. साक्षीदार नसतात, तुम्हाला कोर्टात उभं राहावं लागत नाही. सगळं काम कागदावर. म्हणून वकिलाचा खरा वेळ जातो तो फाइल वाचण्यात आणि युक्तिवाद लिहिण्यात, आणि फीचा हिशेबही बहुतांशी त्याच तासांचा असतो.

चौथी पायरी: कोर्टाचा निकाल आला, ईएजेएची मुदत मोजा

फेडरल कोर्ट क्वचितच थेट ‘याला लाभ द्या’ असं सांगतं. जास्त करून ते प्रकरण चुका दाखवून परत पाठवतं. याला रिमांड म्हणतात, आणि कायद्यातल्या वाक्याच्या क्रमांकावरून वकील त्याला ‘चौथ्या वाक्याचा रिमांड’ म्हणतात. घरच्यांना वाटतं, अजून जिंकलो कुठे? पण फीच्या दृष्टीने तुम्ही जिंकलेले आहात. १९९३ च्या शलाला विरुद्ध शेफर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा रिमांड मिळवणारा अर्जदार हा जिंकलेला पक्ष आहे. तिथूनच ईएजेएचं घड्याळ सुरू होतं.

मुदत अशी: निकाल अंतिम झाल्यापासून ३० दिवस. सरकारला अपिलासाठी ६० दिवस असतात, म्हणून निकालाच्या तारखेपासून साधारण ९० दिवसांच्या आत अर्ज कोर्टात पोहोचायला हवा. निकालाची प्रत हातात येताच कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवा आणि महिनाभर आधी वकिलाला ईमेल करा. ‘ईएजेएचा अर्ज कधी करताय?’ एवढी एक ओळ पुरते.

अर्जात काय असतं? तुम्ही जिंकलात हे विधान. दावा लावताना तुमची निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरपेक्षा जास्त नव्हती हे विधान. सरकारची भूमिका समर्थनीय नव्हती हा दावा. आणि तासांचा तक्ता. भूमिका समर्थनीय होती हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. बरेचदा सरकारी वकील आणि तुमचा वकील आकड्यावर आपसात समझोता करतात आणि न्यायाधीश त्यावर सही करतात.

तासाचा दर कायद्यात १२५ डॉलर लिहिलेला आहे, १९९६ पासून. महागाईप्रमाणे तो वाढवून मागता येतो आणि हल्ली वाढलेला दर बहुतेक ठिकाणी २०० डॉलरच्या वर जातो.

तासांचा तक्ता मागून घ्या आणि एकदा तरी ओळ न् ओळ वाचा. तो तासाच्या दहाव्या भागांत, म्हणजे सहा-सहा मिनिटांत लिहिलेला असतो. ‘कोर्टाची नोटीस वाचली, ०.१’. ‘फाइलमधली वैद्यकीय कागदपत्रं वाचून टिपणं, पाने १ ते ४५०, ६.५’. ‘युक्तिवादाचा मसुदा, दुसरा मुद्दा: उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत, ५.२’. यात तुमच्या आजाराचं नाव, तुमच्या डॉक्टरांचा अहवाल, तुमच्या कामाचा इतिहास कुठेतरी दिसला पाहिजे. नुसती ‘युक्तिवाद, १२.०’ अशी ठोकळ ओळ असेल तर न्यायाधीशही ती कापतात. कागद स्कॅन करणं, कोर्टाच्या पोर्टलवर चढवणं अशी कारकुनी कामं वकिलाच्या दराने मागता येत नाहीत. या तक्त्याचा उपयोग पुढेही आहे, कारण ४०६(बी)च्या वेळी न्यायाधीश हेच तास बघतात.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २०१० च्या ऍस्ट्रू विरुद्ध रॅटलिफ या निकालाप्रमाणे ईएजेएचा पैसा कायद्याने तुमचा असतो, वकिलाचा नव्हे. त्यामुळे फेडरल सरकारचं तुमच्याकडे काही थकलेलं असेल, जसं की बुडीत गेलेलं शैक्षणिक कर्ज, तर सरकार तो पैसा त्यात वळता करून घेऊ शकतं. असं कर्ज असेल तर वकिलाला सुरुवातीलाच सांगा. कर्ज नसेल तर, तुम्ही करारात हक्क लिहून दिलेला असल्यास, धनादेश सहसा थेट वकिलाकडे जातो. तो तुमच्या नावाने घरी आला, तर स्वतःच्या खात्यात भरून मोकळे होऊ नका. आधी वकिलाशी बोला.

पाचवी पायरी: रिमांडनंतर लाभ मंजूर झाला

पुन्हा सुनावणी होते, काही महिने किंवा त्याहून जास्त जातात आणि अखेर मंजुरी येते. मग येतं ते अवॉर्ड नोटीस, म्हणजे लाभमंजुरीचं पत्र. हा कागद हातात पडताच त्याची प्रत कोर्टाच्या वकिलाला पाठवा. सोशल सिक्युरिटीने त्याला पाठवली असेल असं गृहीत धरू नका. ४०६(बी)च्या अर्जाची मुदत अनेक भागांत नोटीस मिळाल्यापासून अवघी १४ दिवस आहे. इतर ठिकाणी स्थानिक नियम वेगळे आहेत.

नोटीसमध्ये तीन आकडे शोधा: थकबाकी एकूण किती, वकिलासाठी किती रोखून ठेवली, आणि दर महिन्याचा लाभ किती. फी फक्त थकबाकीवर लागते. पुढच्या दरमहा लाभातून वकिलाला काही मागता येत नाही. थकबाकी मोजताना लक्षात ठेवा की एसएसडीआयमध्ये अपंगत्व सुरू झाल्यापासूनचे पूर्ण पाच महिने वगळतात, आणि अर्जाच्या तारखेच्या फार तर बारा महिने मागे जाता येतं.

मुलांना किंवा जोडीदाराला तुमच्या नावावर लाभ मिळत असेल, तर त्यांची थकबाकीही फीच्या हिशेबात धरली जाते. हे १९६८ च्या हॉपकिन्स विरुद्ध कोहेन या निकालापासून ठरलेलं आहे. त्यांच्या नोटिसा वेगळ्या येतात, बहुधा उशिराही. त्या सगळ्या हाती आल्याशिवाय अंतिम फीवर सहमती दाखवू नका, कारण २५ टक्के कशाचे हेच तोवर ठरत नाही.

यानंतर वकील कोर्टात ४०६(बी)चा अर्ज करतो. २००२ च्या गिस्ब्रेख्त विरुद्ध बार्नहार्ट या निकालात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी नियम घालून दिला: करार हा पाया, पण करारात २५ टक्के लिहिलं आहे म्हणून ते आपोआप मिळत नाहीत. न्यायाधीश वाजवीपणा तपासतात. वकिलाने मुदतवाढी मागून मागून प्रकरण लांबवलं असेल आणि त्यामुळे थकबाकी फुगली असेल, तर फी कापता येते. कमी तासांच्या कामाला अवाढव्य रक्कम मिळत असेल, तरी कापता येते. काम चांगलं झालं का, निकाल काय लागला, हेही बघतात.

तुमचा वकील फी मागतो तेव्हा सरकारी वकील तुमच्या बाजूचा विश्वस्त असल्यासारखा आपलं म्हणणं मांडतो, पण अनेकदा तो ‘आमची हरकत नाही, कोर्टाने ठरवावं’ एवढंच लिहितो. म्हणून स्वतः हिशेब करा. मागितलेली फी भागिले कोर्टातले तास. ३० तासांसाठी १५,००० डॉलर म्हणजे तासाला ५०० डॉलर. हरलो तर शून्य, ही जोखीम वकिलाने घेतलेली असते, म्हणून त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा हा आकडा जास्त असणं न्यायाधीशांना मान्य असतं. मला स्वतःलाही ते योग्य वाटतं. असं काम घेणारे वकील उरले नाहीत तर नुकसान आजारी माणसाचंच आहे. पण आठ तासांच्या कामासाठी कोणी ३०,००० मागत असेल, तर कोर्टाला पत्र लिहायला हवं.

सहावी पायरी: परत यायचा पैसा

कोर्टातल्या एकाच कामासाठी ईएजेए आणि ४०६(बी) अशा दोन्ही फी वकिलाला मिळाल्या, तर दोहोंतली लहान रक्कम त्याने तुम्हाला परत द्यायची. १९८५ पासूनचा हा कायदा आहे.

उदाहरण घेऊ. थकबाकी ६०,००० डॉलर. कोर्टातलं काम ३० तास, ईएजेएचा दर २४०, म्हणजे सरकारने दिले ७,२००. पुढे कोर्टाने ४०६(बी)खाली पूर्ण २५ टक्के, १५,००० मंजूर केले. लहान रक्कम ७,२००. ती तुम्हाला परत. कोर्टातल्या कामाचा तुमच्यावरचा खरा भार ७,८००.

आता करारातलं ते एक वाक्य किती मोलाचं होतं बघा. करारात एकूण मर्यादा नसेल आणि कार्यालयातल्या कामाचेही ९,२०० मंजूर झाले, तर तुमच्यावरचा भार ७,८०० अधिक ९,२००, म्हणजे १७,००० होतो. ‘सगळं मिळून २५ टक्के’ असेल तर वकिलापुढे दोन मार्ग आहेत. कार्यालयाची फी न मागता कोर्टाकडूनच १५,००० घेतले, तर परतावा धरून तुमचे गेले ७,८००. कार्यालयाचे ९,२०० घेतले, तर कोर्टासाठी उरतात ५,८००. ते ईएजेएच्या ७,२०० पेक्षा कमी, म्हणून परत येणारी लहान रक्कम ५,८००, आणि तुमचे गेले ९,२००. म्हणजे एकूण मर्यादा असतानाही कुठली फी कुठून मागितली यावर तुमच्या घरात येणारा पैसा बदलतो. वकिलाला हा हिशेब समोर मांडून दाखवायला सांगा. तसं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

परतावा दोन प्रकारे होतो. एक, वकील पूर्ण ४०६(बी) घेऊन तुम्हाला धनादेश देतो. दोन, तो आधीच ईएजेएची रक्कम वजा करून उरलेलीच कोर्टाकडे मागतो, आणि बाकीची सोशल सिक्युरिटी तुम्हाला सोडते. काही न्यायाधीशांना दुसरी पद्धत पसंत नाही. कुठलीही असो, कोर्टाच्या आदेशात ती लिहिलेली असते. आदेशाची प्रत मागा. आणि वकिलाने ईएजेएचा अर्जच केला नसेल, तर काही न्यायालये ती न मागितलेली रक्कम त्याच्या ४०६(बी)मधून कापतात. त्यामुळे ‘अर्ज राहून गेला’ हे उत्तर तिथेच सोडून देऊ नका.

रिमांड मिळूनही शेवटी दावा नामंजूर झाला, तर ईएजेएची मिळालेली फी वकिलाकडे राहते. तुम्हाला काही द्यावं लागत नाही, कारण थकबाकीच नाही.

सातवी पायरी: रोखून ठेवलेल्या पैशावर नजर

सोशल सिक्युरिटी साधारणपणे थकबाकीचे २५ टक्के एकदाच रोखते. दोन फींसाठी दोनदा नाही. दोन्ही फी मिळून रक्कम त्यापेक्षा जास्त झाली, तर वरचा पैसा वकील थेट तुमच्याकडे मागू शकतो. थकबाकी बँकेत जमा झाली की जुनी देणी फेडण्यात ती पाहता पाहता संपते आणि वर्षभराने असं पत्र आलं की तोंडचं पाणी पळतं. म्हणून ४०६(बी)चा अंतिम आदेश येईपर्यंत करारातल्या सगळ्यांत वाईट शक्यतेएवढी रक्कम बाजूला ठेवा.

खासगी लाँग-टर्म विम्याचा संबंध येतो तो इथे. आयटी किंवा औषध कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांना विमा कंपनी दरमहा पैसे देत असते आणि तीच सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करायला लावते. एसएसडीआयची थकबाकी आली की त्याच काळात दिलेले पैसे कंपनी परत मागते. बऱ्याच पॉलिसींमध्ये वकिलाची फी त्यातून वजा करायची तरतूद असते, पण मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही. फी मंजुरीचे सगळे कागद विमा कंपनीला पाठवा आणि वजावट लेखी मागा.

वकिलाला थेट दिल्या जाणाऱ्या फीतून सोशल सिक्युरिटी ६.३ टक्के वापर-शुल्क कापते, त्याला डॉलरांची वरची मर्यादाही आहे. हे शुल्क वकिलाचं. ते तुमच्याकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. बिलात अशी ओळ दिसली तर खोडायला सांगा.

हरकत घ्यायची असेल तर रस्ते वेगवेगळे आहेत. फी कराराखाली ठरलेल्या ४०६(ए)च्या रकमेविरुद्ध नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत सोशल सिक्युरिटीकडे फेरतपासणी मागायची. फीच्या तपशीलवार अर्जावर निर्णय झाला असेल तर ३० दिवस. पत्र साध्या शब्दांत चालतं: कुठला निर्णय, किती रक्कम, का जास्त वाटते. ४०६(बी)साठी थेट न्यायाधीशाकडे, प्रकरणाचा क्रमांक घालून, वकिलाला प्रत पाठवून. इंग्रजी कच्चं असेल तर मुलाकडून, भाचीकडून लिहून घ्या, पण सही स्वतः करा.

शेवटी, ४०६(बी)चा आदेश होऊन वकिलाला पैसे गेल्यानंतर रोखलेल्यातलं काही उरतं का ते बघा. वरच्या उदाहरणात वकिलाने ईएजेए वजा करून ७,८०० मागितले, तर रोखलेल्या १५,००० पैकी ७,२०० तुमचे. ते आपोआप सुटायला हवेत, पण कधी कधी महिनोन्‌महिने पडून राहतात. दोन महिन्यांत जमा झाले नाहीत तर कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडून स्थानिक कार्यालयाला पत्र द्या आणि पोहोच घ्या. तरीही हालचाल नसेल, तर आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जा. तिथे याच कामासाठी माणूस नेमलेला असतो. तो तुमच्याकडून गोपनीयतेच्या संमतीचा एक फॉर्म भरून घेतो आणि सोशल सिक्युरिटीकडे लेखी विचारणा करतो.